सावत्र भावांचं वाटणीपत्र

"सुलभा, हद्दीचं भांडण आणि हा खटावकर समोरासमोर आले ना, की भांडण पळून जातं!"

शशिकांत खटावकर बायकोला हे बोलले तेव्हा ते न्यूझीलंडमध्ये, पामर्स्टन नॉर्थला लेकीच्या स्वयंपाकघरात कांदा चिरत होते. भूमी अभिलेख खात्यात बत्तीस वर्षं भूकरमापक! अख्ख्या वाई तालुक्याचे बांध मोजलेला माणूस, आणि इथे तीन आठवडे मोजायला काही नाही. लेक निवेदिता दिवसभर हॉस्पिटलच्या फार्मसीत, जावई अनिरुद्ध दिवसभर लॅपटॉपमध्ये. माणसानं करायचं काय?

तेवढ्यात शेजारच्या मार्गारेटबाई पिशवीभर फिजोआची फळं घेऊन आल्या. वय अठ्ठ्याहत्तर, चेहरा पार उतरलेला.

"काय झालं?" शशिकांतांनी आपल्या इंग्रजीत विचारलं.

"हद्दीचा वाद हो. वीस वर्षं चाललाय. मी म्हणते, सीमेवरचं गाव पश्चिमेच्या टेकाडावर होतं. बाकी सगळे म्हणतात उत्तरेच्या. शुक्रवारी संध्याकाळी चर्चच्या हॉलमध्ये शेवटचा निर्णय. मग नकाशा छापायला जाणार आणि माझी वीस वर्षं पाण्यात!"

आता खरी गोष्ट अशी, की मार्गारेटबाई बायबलमधल्या हरवलेल्या गावांच्या जागा शोधणाऱ्या हौशी मंडळाच्या सभासद होत्या. पण हे त्यांनी सांगितलं नाही आणि यांनी विचारलं नाही. यांच्या कानात फक्त 'हद्द' शिरली!

"कागद आहेत?"

"आहेत, पण फार जुने."

"जुनेच बरे. नव्यात खाडाखोड असते. जमीन वाटून कोणी दिली?"

"जोशुआनं."

"हयात आहेत?"

"छे हो!"

"वाटणी कोणाकोणात?"

"यहूदा आणि बन्यामीन. भाऊ होते. वडील एक, आया वेगळ्या."

शशिकांतांनी सुरी खाली ठेवून कपाळावर हात मारला. "सावत्र भाऊ! अगं सुलभा, ऐकलंस का? तरीच म्हटलं!" मग मार्गारेटबाईंना म्हणाले, "काळजी सोडा. शुक्रवारी मी येतो. हा खटावकरचा शब्द!"

म्हातारीच्या डोळ्यांत पाणी आलं. शब्द गेला तो गेला.

दोन दिवस घरात दुसरा विषय नाही. मार्गारेटबाईंनी हातानं उतरवलेलं यहूदाच्या हद्दीचं वर्णन मिळालं, तसं शशिकांतांनी बन्यामीनचंही मागवलं. एका भावाच्या कागदावर विसंबेल तो मोजणीदार कसला! बेकिंग पेपरवर नकाशा काढला.

"बाबा, लोकांच्या प्रॉपर्टी मॅटरमध्ये पडू नका," अनिरुद्ध म्हणाला. "इथे लॉयर लागतो."

"लॉयरला मोजणीची साखळी धरता येते का, अनिरुद्धराव?"

"अहो, पण त्या भावांना तरी विचारलंत का?" सुलभाताई म्हणाल्या.

"नोटिसा काढल्यात!" शशिकांत म्हणाले. आणि खरंच काढल्या होत्या! 'श्री. यहूदा व श्री. बन्यामीन यांनी शुक्रवारी कागदपत्रांसह समक्ष हजर राहावे.' दोन बंद पाकिटं मार्गारेटबाईंकडे दिली. त्यांनी ती कार्डं समजून न उघडताच पर्समध्ये टाकली.

शुक्रवारी हॉलमध्ये पंचवीस म्हातारी माणसं, स्कोन्स, चहा, आणि पडद्यापाशी विद्यापीठातले डॉक्टर कॉलिन. मार्गारेटबाईंनी "हे सर्व्हेयर" अशी ओळख करून दिली. शशिकांत उठले, घसा खाकरला आणि सवयीनं पुकारा केला, "यहूदा हाजिर?"

त्यांनी दारापर्यंत नजर टाकली.

"बन्यामीन हाजिर? दोन्ही पक्षकार गैरहजर, नोंद घ्यावी!"

"मिस्टर खटावकर," कॉलिन हळूच म्हणाले, "त्यांना जाऊन तीन हजार वर्षं झाली. हे बायबलमधलं आहे."

हॉलमध्ये असा हशा पिकला की कपबशा वाजल्या! सुलभाताईंनी शालीत तोंड लपवलं. शशिकांतांना वाटलं, धरणी दुभंगावी. पण मार्गारेटबाई हसत नव्हत्या. त्या आपला नकाशा मुकाट्यानं घडी करत होत्या. ते बघून शशिकांतांचा संताप झाला.

"मेले असतील!" ते गरजले. "कागद मेलाय का? यहूदाच्या कागदावर लिहिलंय, गाव टेकडीच्या मागे, टेकाडावर. मागे म्हणजे कुठे?"

"पलीकडे. उत्तरेला," कॉलिन म्हणाले.

"लिहिणारा तोंड कुठे करून उभा होता?"

कॉलिन पडद्याकडे वळून बघू लागले.

"आमच्यात दक्षिण म्हणजे उजवी बाजू. देवाला उजव्या हाताशी ठेवून फिरायचं, ती प्रदक्षिणा!" असं म्हणून शशिकांतांनी स्कोन्सच्या टेबलाला एक प्रदक्षिणा घालूनच दाखवली. "उजवा हात दक्षिणेला कधी येतो? तोंड पूर्वेला केलं की! उठा सगळे! पूर्वेला तोंड करा!"

पंचवीस म्हातारे उठून फ्रीजकडे तोंड करून उभे राहिले.

"आता पाठ कुठे?"

"वेस्ट!" मार्गारेटबाई किंचाळल्या.

कॉलिन खुर्चीत बसले. "हिब्रूतही उजवा हात म्हणजे दक्षिण, मागे म्हणजे पश्चिम. हे मी दरवर्षी मुलांना शिकवतो हो!"

"आणि बन्यामीनचा कागद तीच हद्द उलट्या टोकाकडून सांगतो, तोही पश्चिमेच्या टेकाडालाच टेकतो. सावत्र भाऊ एका गोष्टीवर सहमत आहेत, आणखी काय पुरावा हवा?"

कॉलिननी स्वतः पेन घेऊन पश्चिमेच्या टेकाडावर फुली मारली. टाळ्या, "किया ओरा, किया ओरा!" असा माओरीतून शाबासकीचा गजर! मार्गारेटबाईंनी शशिकांतांना अशी मिठी मारली की चष्मा वाकडा झाला. सुलभाताई शालीतून बाहेर आल्या आणि शेजारणीला म्हणाल्या, "माय हजबंड!"

शनिवारी सकाळी निम्मं मंडळ लेकीच्या दारात हजर!

"शशी," मार्गारेटबाई म्हणाल्या, "आपल्या दोन घरांमधलं कुंपण आधीच्या मालकानं नुसत्या अंदाजानं घातलंय. एकदा मोजशील?"

अनिरुद्ध मागून हातवारे करत होता. पण अंगात आलेल्या माणसाला हातवारे दिसतात होय? घराचे कागद आले, टेप आली. शशिकांतांनी तीनदा मोजलं आणि खड्या आवाजात जाहीर केलं, "कुंपण दीड मीटर चुकलंय! एवढी जागा मार्गारेटबाईंची!"

टाळ्या!

"बाबा," अनिरुद्ध दबक्या आवाजात म्हणाला, "त्या दीड मीटरात माझी नवी शेड आहे. गेल्या महिन्यात बांधलीय."

शशिकांतांनी टेपकडे पाहिलं. टेप काही आक्रसेना.

"स्वीट ॲज, काही हरकत नाही!" मार्गारेटबाई हसल्या. "शेड राहू दे. फक्त एक चावी मला दे, माझे फिजोआ ठेवायला."

शशिकांतांनी वही उघडली आणि जावयाकडे न बघता नोंद केली : 'मोजणी पूर्ण. उभयपक्षी समेट. जावई नाराज.'