मुक्काम पोस्ट कोणतंही चर्च

माणूस एकटा येतो आणि एकटाच जातो, हे सर्वमान्य सत्य आहे. मधल्या काळात मात्र त्याला बसायला बाक लागतो, आणि त्या बाकावर शेजारी आणखी कोणीतरी बसलेलं असतं. मानवजातीच्या बहुतेक धार्मिक अडचणी या शेजाऱ्यापासून सुरू होतात.

आमच्या साडूभाऊंची अडचणही तिथूनच सुरू झाली. साडूभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. निवृत्त लिफ्ट तपासनीस. माणसांना वर नेणाऱ्या यंत्रणांची पाहणी करण्यात त्यांची हयात गेली. दोर किती झिजलाय, दार नीट लागतं का, आत माणसं किती मावतात, मध्येच अडकली तर बाहेर काढायची सोय काय. असा माणूस निवृत्तीनंतर चर्चकडे वळला तर त्यात नवल काय?

लहानपणापासूनच्या चर्चमध्ये त्यांचा आणि पुढच्या बाकावरच्या दातांच्या डॉक्टरांचा तात्त्विक मतभेद झाला. (भिंतीवरच्या पंख्याचं तोंड कोणाकडे असावं, हे ते तत्त्व.) वडीलमंडळींची बैठक बसली. पाळकांनी क्षमेवर एक लांबलचक प्रवचन दिलं आणि पंखा फिरता केला. फिरता पंखा ही सत्याशी केलेली तडजोड आहे, असं जाहीर करून साडूभाऊ बाहेर पडले. त्यांच्यामागून ताई, म्हणजे त्यांच्या पत्नी, पर्स आणि छत्री घेऊन बाहेर पडल्या. त्यांना कोणी विचारलं नव्हतं. त्यांना विचारण्याची पद्धत त्या घरात अजून सुरू व्हायची होती.

"योग्य मंडळी मिळेपर्यंत शोधायचं," भाऊंनी जाहीर केलं. "घाई नाही." (मंडळी म्हणजे एका चर्चला जाणारा समुदाय.)

"आणि मिळाली हे कळणार कसं?" ताईंनी विचारलं.

"निकष आहेत," भाऊ म्हणाले.

निकष खरोखरच होते, आणि ते अत्यंत निःपक्षपाती होते. बाकाची पाठ, प्रवचनाची लांबी, गायनवृंदातला जो एक जण हमखास वेगळ्या पट्टीत गातो त्याचं अंतर, पाळकांच्या हस्तांदोलनाचा दाब (फार मऊ असेल तर श्रद्धा कमी, फार घट्ट असेल तर इमारत निधीची वर्गणी मागणार), आणि उपासनेनंतरचा चहा. या निकषांवर भाऊंनी शहरातली चर्चेस तपासायला घेतली. दर रविवारी एक.

एका दगडी चर्चमध्ये ऑर्गन इतका गंभीर वाजत असे की माणसाला आपण काहीतरी केलंय असं वाटू लागे. तिथे कोणी कोणाशी बोलत नव्हतं. भाऊंना ती शांतता फार आवडली. फक्त ती चहाच्या वेळीही तशीच राहिली, तेव्हा गुण कापावे लागले. दुसरीकडे मोठा पडदा, रंगीत दिवे आणि ढोल होते. तिथे पाहुण्यांना उभं करून टाळ्या वाजवत. भाऊ उभे राहिले, टाळ्या घेतल्या, आणि टाळ्या घेणं हे नम्रतेच्या विरुद्ध आहे म्हणून त्या चर्चला नापास केलं. तिसऱ्या ठिकाणी गाद्यांचे बाक होते. तिथे त्यांना उत्तम झोप लागली, पण प्रवचन ऐकू न आल्यामुळे अहवाल अपुरा राहिला.

एक मंडळी टायरच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर भरत असे. अरुंद जिना, घडीच्या खुर्च्या, रबराचा वास. खाली रविवारीही पंक्चरचं काम चालू असे. वर पाळकांनी "आत्मा" असा शब्द उच्चारला की खालून कॉम्प्रेसर 'फुस्स' करून उत्तर देई. पाळक आठवडाभर शाळेची बस चालवत, त्यामुळे प्रवचनही प्रत्येक वळणावर हळू होई आणि अधूनमधून थांबून मागे सगळे आहेत ना हे पाही. गाणं असं, की कोण चुकतंय हे सांगता येऊ नये, कारण तुलनेला बरोबर गाणारा कोणी नव्हता. भाऊंनी या मंडळीला आजवरचे सर्वांत कमी गुण दिले. तरी तिथे दोनदा जाणं झालं, कारण पहिल्या वेळी ताई छत्री विसरल्या होत्या.

एवढ्या अनुभवातून भाऊंनी एक सिद्धान्त काढला, आणि तो विद्यापीठात शिकवण्याच्या लायकीचा आहे. कोणत्याही मंडळीत नव्या माणसाला पहिल्या रविवारी चहा मिळतो, दुसऱ्या रविवारी ओळखीचं हसू मिळतं, आणि तिसऱ्या रविवारी झाडू मिळतो. म्हणून सुज्ञ माणसाने दुसऱ्या रविवारीच निरोप घ्यावा. सभासद होणं म्हणजे काय, तर लोकांचे आजार लक्षात ठेवणं, ज्याचं तोंड पाहवत नाही त्याच्याबरोबर खुर्च्या उचलणं, आणि हे सगळं करून वर बेसूर गाणं ऐकणं. पाहुण्याला यातलं काहीच नाही. पाहुणा हा चर्चमधला एकमेव माणूस, ज्याच्याशी सगळे ख्रिस्ती प्रेमाने वागतात.

हळूहळू भाऊंचं नाव झालं. नव्याने शहरात आलेली कुटुंबं त्यांना विचारू लागली. ते दारातून आत आले की पाळक प्रवचनातलं एक पान कमी करत, असंही ऐकिवात होतं. शिवाय या फेऱ्यांत त्यांना तेच ते चेहरे जिथे तिथे दिसू लागले: एक विमा एजंट, एक निवृत्त ग्रंथपाल बाई, आणि एक कंत्राटदार ज्याला सगळे 'हल्लेलूया' (म्हणजे 'परमेश्वराची स्तुती असो') म्हणत, कारण प्रवचन लांबलं की तो मध्येच तो शब्द मोठ्याने म्हणून ते संपवी. हेही सगळे योग्य मंडळीच्या शोधात होते. समदुःखी भेटले. व्हॅन ठरली, फोनवर गट निघाला. गटाचं मूलतत्त्व एकमताने ठरलं: कोणी कोणाला बांधील नाही. ते इतकं काटेकोर पाळलं गेलं की एकदा ग्रंथपाल बाई प्रसाधनगृहात असताना व्हॅन निघून गेली, आणि त्यांनीही तत्त्व म्हणून राग मानला नाही.

अशी ही आध्यात्मिक प्रगती चालू असताना ताई घसरल्या.

चर्च नवीन होतं, संगमरवरी होतं, आणि फरशी अशी चकाकत होती की तिच्यात आपला चेहरा पाहून पश्चात्ताप व्हावा. भाऊ फरशीला पैकीच्या पैकी गुण देत होते, त्याच क्षणी ताईंचा पाय सटकला. मांडीचं हाड मोडलं. स्वागत समितीने रुग्णवाहिका बोलावली, पाणी दिलं, आणि अत्यंत आपुलकीने विचारलं, "तुमच्या चर्चच्या लोकांना कळवायचंय का?"

भाऊंनी ताईंची पर्स आणि छत्री उचलली आणि ते रुग्णवाहिकेत चढले.

शस्त्रक्रिया झाली. ताई घरी आल्या, पलंगावर पडल्या. आता त्या घराची अंतर्गत व्यवस्था सांगितली पाहिजे. मुलगी परदेशात. स्वयंपाकघर हा भाऊंच्या दृष्टीने परप्रांत. ते तिथे फक्त पाणी प्यायला जात, तेही पेला कुठे असतो हे विचारून. त्यांनी गटावर बातमी टाकली. गटाने तत्काळ प्रतिसाद दिला. विमा एजंटाने जोडलेले हात पाठवले, ग्रंथपाल बाईंनी पेटती मेणबत्ती, आणि 'हल्लेलूया'ने हल्लेलूया. (ते चुकून गेलं असावं.) मग रविवारी कुठे जायचं यावर चर्चा सुरू झाली. बातमी चर्चेसपर्यंतही पोहोचली, पण दगडी चर्चला वाटलं ही माणसं पडद्यावाल्यांची, पडद्यावाल्यांना वाटलं संगमरवरवाल्यांची. गैरसमज कोणाचाच नव्हता. माहिती अचूक होती: ती कोणाचीच नव्हती.

आम्ही दोघं दुसऱ्या गावाहून पोहोचलो तेव्हा भाऊ गॅससमोर उभे होते. पातेल्यात काहीतरी काळं होत होतं. एकट्या माणसाचा चेहरा कसा होतो हे मी त्या दिवशी पाहिलं. त्या चेहऱ्याला कोणत्या निकषाखाली गुण द्यावेत, हे त्यांनाही सांगता आलं नसतं.

माझी बायको पदर खोचून पुढे होते न होते, तोच दारावरची बेल वाजली. दारात एक धिप्पाड शिवणकामवाल्या बाई, हातात डब्यांची चळत. मागे टायरच्या दुकानावरचे बसवाले पाळक, बगलेत कमोडची खुर्ची.

"कुठाय आमची ताई?" बाईंनी विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता आत गेल्या. "काय गं, पडायला आमच्याकडची फरशी मिळाली नाही का तुला? आमच्याकडे सिमेंट आहे, पाय धरून ठेवतं."

ताई हसल्या. शस्त्रक्रियेनंतर पहिल्यांदा.

भाऊ पलंगाशी आले आणि त्यांनी हळूच विचारलं, "यांना कोणी कळवलं?"

"मी. फोन केला."

"अगं, पण आपण त्यांचे सभासद नाही."

"तुम्ही नाही," ताई म्हणाल्या. "मी आहे."

"कधीपासून?"

"तुम्ही तिथे चहाला गुण देत होतात ना, तेव्हा मी यांच्याबरोबर खुर्च्यांच्या घड्या घालत होते. नंतरही जात होते अधूनमधून बुधवारी. तुम्हाला कुठे जाते म्हणून विचारायचं सुचलं नाही, मला सांगायचं सुचलं नाही."

त्यानंतर त्या घरात जे सुरू झालं त्याला प्रेम म्हणतात, पण ते सहन करायला प्रकृती दणकट लागते. टायरवाली मंडळी पाळीपाळीने येऊ लागली. त्यांनी स्वयंपाकघरातल्या सगळ्या डब्यांच्या जागा बदलल्या. एक आजोबा प्रार्थनेला बसले की आणलेलं जेवण गार होईपर्यंत उठत नसत, आणि त्यांना ऐकू येत नसल्यामुळे 'आमेन' म्हणून थांबवताही येत नसे. बाईंनी भाऊंचे पडदे उतरवून, भाऊंना न विचारता, आखूड केले. हे सगळे एकमेकांशी सतत भांडत. पण भांडता भांडता चादर बदलली जाई, औषध दिलं जाई, आणि भाऊंच्या पुढ्यात ताट येई. भाऊ जेवत आणि म्हणत, "मीठ जरा कमी आहे." बाई म्हणत, "उद्या तुम्ही टाका." आणि खरंच दुसऱ्या दिवशी मिठाचा डबा त्यांच्या हातात देत.

ताई जरा बसत्या झाल्या तसं त्यांनी टुमणं लावलं, "मला रविवारी जायचंय."

"शक्य नाही," भाऊ म्हणाले. "तो जिना पाहिलायस? लिफ्ट नाही."

"लिफ्ट नाही तर आम्ही काय मेलो?" शिवणकामवाल्या बाई म्हणाल्या.

रविवारी आम्ही सगळे त्या जिन्यापाशी होतो. ताईंना एका खुर्चीवर बसवलं. एका पायाला पाळक, एकाला बाई, एकाला खालच्या दुकानातला पंक्चरवाला (तो मंडळीचा नव्हता, पण त्याच्याकडे दंड होते), आणि चौथ्या पायाला ते ऐकू न येणारे आजोबा. भाऊ बाजूला उभे राहून सूचना देऊ लागले. भार असमान आहे. सुरक्षा दोर नाही. मंजूर वजनमर्यादेचा फलक नाही. वळणावर काय करणार, हे आधी ठरलेलं नाही.

त्यांचं म्हणणं शब्दशः खरं ठरलं. वळणावर आजोबांचा श्वास संपला, चौथा पाय खाली गेला, ताई एका अंगाला कलल्या आणि ओरडल्या, "अहो!"

आजोबांना बाजूला सारून भाऊंनी खुर्चीचा पाय धरला. तो धरल्यावर त्यांना कळलं की आता तो सोडता येणार नाही, कारण वर बायको आहे, खाली सहा पायऱ्या आहेत, आणि उरलेले तिघे त्यांच्याकडे बघतायत. "एकदम उचला," ते खेकसले, "मी म्हणेन तेव्हा!" आणि चौघांनी मिळून ताईंना वर नेलं. वर पोहोचल्यावर भाऊ भिंतीला टेकून धापा टाकत होते, आणि त्यांचे डोळे ओले होते. धुळीमुळे, असं त्यांनी नंतर स्पष्ट केलं. कोणी विचारलेलं नसताना.

खाली कॉम्प्रेसर फुस्सला. वर गाणं सुरू झालं. पाच-सहा पट्ट्यांत.

ताई आता काठी घेऊन चालतात. दोघंही दर रविवारी तिथे जातात. ताई सभासद म्हणून, आणि भाऊ निरीक्षक म्हणून. त्यांनी निर्णय अजून राखून ठेवला आहे. पाहणी सखोल व्हावी म्हणून ते लवकर जाऊन केर काढतात, खुर्च्या मांडतात, आणि त्या आजोबांना दम लागला तर घरी पोहोचवून येतात. मला म्हणाले, "इतकं वाईट गाणं इतक्या नियमितपणे कुठेच ऐकलं नाही. कारण शोधून काढतोय. वेळ लागेल."

एवढं वाचून चाणाक्ष वाचकाच्या मनात रास्त प्रश्न येईल की याच्याशी आपला काय संबंध? आपण काही चर्चला जाणारे नाही, किंवा जाणारे असलो तरी लिफ्ट तपासनीस नाही. अगदी मान्य. तर मग असं समजा: तुम्ही तुमच्या घरी न्हाणीघरात घसरून पडला आहात. उठता येत नाही. दाराला आतून कडी आहे. सुदैवाने फोन हाताला लागलाय, आणि त्यात सातआठशे नावं आहेत, पैकी बरीचशी तुम्हाला रोज सकाळी फुलांची चित्रं पाठवतात.

करा बघू एक फोन. आम्ही थांबतो.