मोरूभाऊ आणि नवीन व्हर्जन

एसटीतून उतरल्यावर माणसं पिशव्या मोजतात, फार तर पोरं मोजतात. आमचे मोरूभाऊ आधी ड्रायव्हरच्या खिडकीशी जायचे आणि त्याला निकाल सांगायचे. "तीन कान, एक सोंड. वडखळच्या वळनावर मोदकवाला हात गेला. बाकी बरी चालवलीस."

जुने ड्रायव्हर हसून "पुढच्या खेपेला सांभाळतो, भाऊ" म्हणायचे. नवा असला की तो घाबरून गाडीखाली वाकून बघायचा.

मोरूभाऊ पेणचे गणपतीवाले. मूर्ती घडवणारे आमच्याकडे गल्लोगल्ली सापडतील, पण भाऊंचं काम आखणीचं, म्हणजे मूर्तीचे डोळे काढायचं. चाळीस वर्षं त्यांनी दुसरं काही केलं नाही. पेंढ्यात बांधलेल्या मूर्ती टेम्पोतून लांबलांब जाताना काय काय तुटतं हे त्यांनी इतकं पाहिलं होतं, की जगातली प्रत्येक हालचाल ते त्याच मापाने मोजत. कंपाउंडरच्या इंजेक्शनला "कानालासुदीक धक्का नाय" अशी शाबासकी मिळायची. आमच्या दोघांच्या घरांमध्ये एकच भिंत. कधी आम्हा नवराबायकोत आवाज चढला तर दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊ दात घासता घासता हळूच विचारत, "काय रं विनू, काल सोंड गेली का काय?"

अशा माणसाच्या घरात कॉम्प्युटर शिरला तो माझ्यामुळे. मी तेव्हा रोह्याच्या एका कंपनीत कॉम्प्युटर विभागात होतो, रोज पॅसेंजरने जाऊन-येऊन करायचो. कंपनीने जुनी मशिनं काढली, तेव्हा भाऊ म्हणाले, "एक मला बघ. ऑर्डरींची यादी ठेवीन म्हनतो." मी एक मिळवून दिलं. त्यात ऑर्डरींची यादी आजतागायत गेलेली नाही. कारण मशीन चालतं का हे दाखवायला मी माझ्याकडच्या चार फ्लॉप्या त्यात घातल्या. त्यात विमान चालवायचा प्रोग्राम होता.

पंधरा दिवसांत भाऊ वैमानिक झाले. इंग्रजी अक्षरं वाचायचा त्यांना कंटाळा, म्हणून त्यांनी कीबोर्डच रंगवला. ब्रेकला लाल, पंखांच्या पट्ट्यांना हिरवा, चाकांना पितांबराचा पिवळा. बारीक ब्रशने, कडेला सोनेरी रेघ ओढून. विमानात बसण्यापूर्वी ते चपला काढायचे आणि विमान उतरवताना श्वास रोखून धरायचे, कारण डोळा आखताना श्वास रोखावा लागतो. आता डोळा अर्ध्या मिनिटात होतो आणि विमान उतरायला पाच मिनिटं लागतात, ही अडचण त्यांनी कधी लक्षात घेतली नाही. चेहरा शेंदरी व्हायला लागला की आतून काकू ओरडत, "श्वास घ्या वो! इमान पडलं तरी चालंल!"

त्या प्रोग्राममध्ये जगातली चारदोनच शहरं होती. बाकी पृथ्वी नुसती हिरवीगार, माणूस नाही की कौलं नाहीत. पण चालू केलं की विमान उभं असायचं ते शिकागोला, तळ्याच्या काठी. आणि भाऊंची एकुलती एक लेक शुभा लग्न करून शिकागोलाच गेलेली. भाऊंना विमानाचं वेड लागलं ते विमानासाठी नाही, हे मला थोडं उशिरा कळलं. रोज दुपारी जेवण झालं की ते उडत, तळ्यावरून एक फेरी मारत आणि शहराच्या कडेच्या एका राखाडी ठोकळ्याभोवती हळूहळू घिरट्या घालत. ते शुभाचं घर, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं.

"भाऊ, ते गोडाऊन दिसतंय," मी एकदा म्हणालो.

"असू दे. त्याच्या मागं असंल," भाऊ म्हणाले आणि अजून थोडे खाली गेले.

अशी दोन वर्षं सुखात गेली आणि मग नवीन व्हर्जन आलं. सीडीवर. मी बातमी घेऊन धावत गेलो, की भाऊ, आता आख्खं जग आहे, मुंबईचा विमानतळ आहे, मोठं जेट आहे. मुंबईहून निघायचं ते थेट शिकागोला उतरायचं. शिवाय पाहिजे त्या खिडकीतून बाहेर बघता येतं. मला वाटलं, म्हातारा नाचेल. भाऊ नाचले नाहीत. ब्रश पाण्यात हलवत म्हणाले, "बघू."

हे "बघू" आठ महिने चाललं. रोज नवी शंका निघे. मी आणलेली एक कसलीतरी सीडी त्यांनी उन्हात धरली, तिच्यात स्वतःचं तोंड बघितलं आणि म्हणाले, "येवढी चकाकी कशाला? चकाकी आली की डोळा चुकतो." मग म्हणे, रंगवलेली बटणं त्याला चालतील का? मग म्हणे, नवं आलं की जुन्याचं काय करायचं? "सून आली म्हनून सासूला भायेर काढतो का कोन?" मी सांगितलं की दोन्ही ठेवता येतील. त्यावर, एका घरात दोघींचं पटेल का, ही शंका निघाली.

बघता बघता गल्लीत दोन पक्ष पडले. समोरच्या शिंप्याने जन्मात कॉम्प्युटर पाहिला नव्हता, पण जुन्याची सर नव्याला नाही हे तो शपथेवर सांगे. नंतर कळलं, तो शिलाई मशीनबद्दल बोलत होता. काकूंचं म्हणणं सरळ होतं. "आनायचं तर आना, नायतर नका आनू. पन जेवताना त्या व्हर्जनचं नाव नको, माझी भाकरी थंड व्हते. आनि अमेरिकेला जातच असाल रोज, तर येताना मेथी आना."

शेवटी भाऊंनी तोडगा काढला. "पोरगी बघितल्याबिगर होकार देतात का? आधी दाखव, मग सांगतो."

नवीन व्हर्जन चालेल असं मशीन माझ्या माहितीत एकाच ठिकाणी होतं, रोह्याच्या बाजारात सावंतांच्या दुकानात. कंपनीच्या सुट्टीच्या दिवशी आम्ही निघालो. भाऊंनी इस्त्रीचा सदरा, टोपी, अगदी बैठकीला जावं तसा पोशाख केला होता. नागोठणं गेलं. निडीला गाडीने थांबताना गचका दिला. "रूळ सरळ, वळन नाय, घाट नाय, तरी कान घालवला," भाऊ पुटपुटले. रोह्याला उतरून इंजिनाकडे निघाले होते, मी हाताला धरून बाहेर आणलं.

सावंतांनी खुर्ची पुसून दिली, चहा मागवला, मुंबईहून विमान उडवून दाखवलं. भाऊंनी पहिला हुकूम सोडला, "पेन दाखव."

सावंतांनी विमान खाडीवरून इकडे वळवलं. हिरवं रान आलं, डोंगरासारखं काहीतरी आलं, परत हिरवं रान आलं. पेण काही येईना.

"काका, एवढी बारीक गावं दिलेली नाहीत त्यांनी."

"बारीक?" भाऊ खुर्चीत ताठ झाले. "आख्ख्या जगात गनपती हितनं जातात आनि ह्यांच्या जगात पेनच नाय?" सावंतांनी माझ्याकडे बघितलं, मी चहाकडे बघितलं. थोडं थांबून भाऊंनी विचारलं, "रोहा तरी हाय का?"

"रोहा पण नाही, काका."

"मग ठीक हाय," भाऊ म्हणाले आणि मागे टेकून बसले.

सावंतांना हुरूप आला. त्यांनी मोठं जेट परत मुंबईच्या धावपट्टीवर उभं केलं आणि डाव्या खिडकीतलं दृश्य लावलं. लांबलचक पंख, खाली कडेचं गवत, इंजिनाची घरघर. "घ्या काका, उडवा आता."

भाऊंचे हात गुडघ्यांवर होते, ते तिथेच राहिले. पाच मिनिटं झाली, दहा झाली. विमान घरघरत उभं. दुकानात दुसरं गिऱ्हाईक येऊन खोकायला लागलं. "भाऊ, निघू या ना?" मी म्हणालो.

"नको. बंद कर," ते म्हणाले आणि उठून चपला शोधायला लागले.

परतीच्या गाडीत ते खिडकीशी जाऊन बसले. मला राग आला होता, खोटं कशाला सांगू. आठ महिने डोकं खायचं, माणसाचा सुट्टीचा दिवस घालवायचा आणि शेवटी नुसतं बघून उठायचं! नागोठणं मागे पडल्यावर मी जरा तिरसटपणेच विचारलं, "काय खोट निघाली मुलीत?"

भाऊ खिडकीबाहेर बघत होते. म्हणाले, "जुन्यात कसं, चालू केलं की शिकागो. पोर पोचलेली असते रं. ह्या नव्यात तिला हितनं निघायला लागतंय."

मी त्यांच्याकडे सरकून बसलो.

"मी गेलो नव्हतो तिला सोडायला," ते सांगायला लागले. "आख्खं घर गेलं जीप करून, तुझी काकू गेली, शेजारपाजार गेला. श्रावन व्हता. मी म्हनलो, मूर्ती आखायच्या हायेत, मला टाइम नाय. आनि दिवसभर ब्रश हातात घेऊन बसलो. एक डोळा आखला नाय. मूर्तींचं नुसतं निमित्त रं. पोर जाताना बघवनार नव्हतं मला. ती दारात पाया पडली, तवा मी रंग कालवत व्हतो. मान वर केली नाय."

त्याला चार वर्षं झाली होती. शुभाचं येणं अजून जमलं नव्हतं. माझा राग कुठल्या कुठे गेला आणि त्याच्या जागी स्वतःची लाज वाटायला लागली. गाडी पेणला थांबली, तेव्हा जोरात हिसका बसला, पण भाऊ काही बोलले नाहीत. मी मनाशी ठरवलं, ह्या माणसासमोर व्हर्जनचं नाव पुन्हा काढायचं नाही.

भाऊंकडे तेव्हा फोन नव्हता. शुभाचा फोन दर रविवारी सकाळी आमच्याकडे यायचा. भाऊ अर्धा तास आधी येऊन स्टुलावर बसत आणि फोन आला की अमेरिकेपर्यंत आवाज पोचवायची जबाबदारी तारेवर न टाकता स्वतः घेत. बोलणं ठरलेलं. "जेवलीस का? थंडी हाय का? बरं, ठेव आता, बिल व्हतंय." की संपलं.

त्या रविवारी त्यांनी जेवणाचं विचारलं नाही. "शुभे, तू गेलीस ना, तवा खिडकी कंच्या बाजूची व्हती गो? डावी का उजवी?"

आमच्या फोनचा आवाज मोठा, पलीकडचंही सगळं ऐकू यायचं. शुभा हसली. "खिडकी कुठली, बाबा? मधल्या रांगेत मधली जागा मिळाली होती. दोन्हीकडे दोन जाडे झोपलेले. काहीच दिसलं नाही मला."

"काय सांगतेस! मुंबईपन नाय?"

"मुंबईपण नाही. विमान कधी उडालं तेसुद्धा कळलं नाही. आणि खरं सांगू का बाबा, मी रडत होते. खिडकी असती तरी काय दिसणार होतं?"

भाऊंनी रिसीव्हर कानावरून काढला, त्याच्याकडे बघितलं, परत कानाला लावला. "बरं, ठेव," म्हणाले. ठेवला. स्टुलावरून उठले, दारापर्यंत गेले आणि तिथून वळून म्हणाले, "विनू, त्या सावंताला सांग, मशीन त्या सीडीजोगं करून दे आनि ती बसव."

"भाऊ, नक्की ना? परवा तर तुम्ही..."

"पोरीला खिडकी नाय मिळाली रं," भाऊ म्हणाले. "तिच्या वाटचं कुनीतरी बघायला पायजे ना?"

सावंत स्वतः येऊन दोन दिवस खपले, मेमरी वाढवली, सीडीचा ड्राइव्ह बसवला. भाऊंनी मुंबईहून विमान काढलं ते भर दुपारी, लख्ख उजेडात. चालवायचं काम त्यांनी मशीनवर सोपवलं होतं. स्वतः डाव्या खिडकीशी बसले. रोज पाऊण तास जायचं, मग विमान होतं तिथे ठेवून द्यायचं आणि दुसऱ्या दिवशी तिथून पुढे. काकू पलीकडे भाजी निवडत बसायच्या. तीन दिवस नुसता समुद्र होता. "काय बघायचं त्यात?" असं मी विचारलं, तर भाऊ म्हणाले, "बोलू नको, पानी बघू दे."

पुढच्या रविवारी ते अर्ध्याऐवजी तासभर आधी आले. फोन आला आणि त्यांनी सुरुवात केली. धावपट्टीच्या कडेला गवत कसं वाकतं. मुंबई कशी तिरपी होते आणि पंखाखाली जाते. किनारा कुठे सुटला, समुद्र आधी मातकट असतो तो निळा कुठे होतो, ढगाची सावली पाण्यावरून कशी सरकते. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली. बिलाचं त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं. आवाज हळूहळू उतरत गेला, आयुष्यात पहिल्यांदा ते फोनवर माणसासारखं बोलत होते. तिकडून काहीच येईना, तेव्हा ते मध्येच थांबले.

"शुभे? ऐकतेस ना गो?"

मग शुभाचा आवाज आला, नाक ओढत, अगदी जवळून आल्यासारखा.

"हो बाबा, सांगा. कुठपर्यंत आलो आपण?"