आमीन राहूनच गेलं!

ओराझगाली आजोबांचा आशीर्वाद म्हणजे काय चीज आहे, हे ताराझ शहराच्या आसपास कुणालाही विचारा! आजोबांनी सुरुवात केली की जेवणाऱ्यांनी घास खाली ठेवायचा, दोन्ही तळवे वर धरायचे आणि वाट बघायची. त्या आशीर्वादात सुनेचं सुख येई, घोडीचं दूध येई, शेजाऱ्याचा दुखरा गुडघाही येई. आमीन म्हणून तळवे तोंडावरून फिरवेपर्यंत मटणावरची चरबी थिजलेली असे. पण कुणाची तक्रार? छे!

अशा माणसाने सख्ख्या नातीच्या लग्नात आशीर्वाद द्यायचा, तर आधी परीक्षा!

"आबा, रागावू नका हं," सून शिनार म्हणाली. "अल्माटीच्या व्याह्यांनी लग्नाला निवेदक ठेवलाय. तो म्हणतो, मंचावर ज्याला बोलायचंय त्यानं स्वतःची ओळख करून देणारा पंधरा सेकंदांचा व्हिडिओ पाठवा. त्याला आवडला तर नाव घेणार. लोकांना ऐकायला धीर नसतो म्हणे."

आजोबांच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"माझ्या मार्झानला मी आशीर्वाद द्यायचा की नाही, हे तो टिकोजीराव ठरवणार? तुझ्या लग्नात कुणी घड्याळ लावलं होतं का?"

"नाही आबा. पण मी ओढणीआड उभ्याउभ्या झोपले होते."

"झोपेतच लागला ना आशीर्वाद? झाला ना संसार?"

वरवर गुरगुरले, तरी आतून त्यांनी धसका घेतला. मार्झान चालायला लागली तेव्हा रिवाजाप्रमाणे तिच्या पायातली दोरी त्यांनीच कापली होती. आता ती सासरी निघताना आपण कोपऱ्यात बसून गप सॅलड चिवडायचं? नुसत्या विचाराने त्यांना रडू आवरेना, संतापही आवरेना.

शेवटी ठेवणीतली टोपी घालून ते फोनसमोर बसले.

"मी ओराझगाली, सेरिकबायचा मुलगा. सेरिकबाय हा तोक्साबाचा. तोक्साबा हा, ज्याच्या घोड्याला अख्खा तालुका ओळखायचा त्या..."

"संपले पंधरा सेकंद!"

"अगं, अजून चार पिढ्या बाकी आहेत!"

"पिढ्या गाळा की, आबा."

"बाप गाळू? सात पिढ्या न सांगता जो नुसतं नाव सांगतो ना, त्याला आपल्याकडे भामटा म्हणतात!"

मग त्यांनी रागाच्या भरात ओळख वगैरे सोडून अख्खा आशीर्वादच ठोकून दिला. शिनारने त्यातला मधला गोड तुकडा कापून घेतला, मागे दोंबऱ्याच्या तारांची धून लावली आणि व्याह्यांच्या ग्रुपवर पाठवून दिला.

संध्याकाळी फोन वाजला. पडद्यावर भली मोठी नाकपुडी!

"आजोबा, मी सांझार!" नाकपुडीमागून होणारा नातजावई ओरडला. "वाचवा! नाकानं फोन लावलाय!"

"हाताला काय झालं?"

"हात वर आहेत! सगळ्यांचेच! जेवायला बसलो होतो. म्हटलं तुमचा व्हिडिओ दाखवू. फोन किटलीला टेकवला. तुम्ही म्हणालात 'तुमचं जेवणाचं दस्तरखान सदा भरलेलं राहो', आम्ही तळवे वर केले. पण आमीन आलंच नाही! व्हिडिओ पुन्हा पहिल्यापासून! पुन्हा पुन्हा तेच! आणि आमच्या पणजीबाई, बाल्झान आजी, आमीनशिवाय कुणाला बोट हलवू देत नाहीत!"

आजोबांनी शिनारकडे पाहिलं. शिनारने जीभ चावली. तिने आमीनच कापलं होतं!

"तो निवेदक कुठाय?"

"इथंच बसलाय. त्याचेही हात वर!"

आजोबांचा चेहरा खुलला. सगळे व्याही एका जागी, हात वर, आणि पळायची सोय नाही! असा श्रोतृवृंद आयुष्यात पुन्हा मिळणार नव्हता. त्यांनी टोपी सारखी केली.

"अर्धवट आशीर्वाद अपशकुनी. पहिल्यापासून घेतो! मी ओराझगाली, सेरिकबायचा मुलगा..."

पलीकडून सामुदायिक कण्हणं ऐकू आलं. आजोबा त्या प्रसिद्ध घोड्यापर्यंत पोचले, तेवढ्यात एक थरथरता आवाज आला. बाल्झान आजी!

"ओराझगाली, बाळा, तुझा घोडा थोर होता. पण माझे खांदे निखळतायत रे. तेवढा शेवटचा शब्द म्हण."

वडीलधाऱ्या बाईचा शब्द मोडायचा कसा! आजोबांनी घोडा, चार पिढ्या आणि घोडीचं दूध गिळलं.

"आमीन!"

पलीकडे हात धपाधप तोंडावरून फिरले. कुणीतरी आनंदाने हुंदकाही दिला. "वा!" निवेदकाचा आवाज आला. "इतका परिणामकारक वक्ता मी पाहिला नाही!"

दुसऱ्या दिवशी लग्नाची कार्यक्रमपत्रिका ग्रुपवर आली. शिनारने मोठ्याने वाचली: "'पाहुण्यांचे आशीर्वाद, प्रत्येकी पंधरा सेकंद. शेवटी आमीन म्हणतील, वधूचे आजोबा ओराझगाली.'"

"फक्त आमीन?"

"फक्त आमीन, आबा."

आजोबा लालबुंद झाले. तावातावाने उठून अंगणात गेले, मेंढ्यांवर खेकसले, फाटकाला लाथ घातली आणि बऱ्याच वेळाने दारात येऊन उभे राहिले.

"शिनार," ते हळूच म्हणाले, "आमीन जरा लांबवून म्हटलं, तर पंधरा सेकंद भरतील का गं?"