रागावलेल्या हाताचं माप

चिमटेसाहेब घरात शिरले तेव्हा त्यांच्या हातात ओल्या फडक्यात गुंडाळलेला मातीचा गोळा होता. बायको बाहेरच्या खोलीत बसली होती, अजून समारंभाच्याच कपड्यांत. टेबलावर फुलांचे गुच्छ, एक भिंतीवरचं घड्याळ आणि मुलांनी रंगवलेलं भलंमोठं कार्ड पडलं होतं. दुसऱ्या एखाद्या माणसाला एवढ्यावरून काहीतरी सुचलं असतं. चिमटेसाहेबांनी गुच्छ बाजूला सारले, कारण फडकं ठेवायला जागा हवी होती.

"हात दे जरा," ते म्हणाले.

बायको त्यांच्याकडे बघतच राहिली. एवढ्या वर्षांच्या संसारात या माणसाने आपणहून हात मागितल्याचं तिला आठवत नव्हतं. आता हे काहीतरी बोलणार, असं वाटून तिने हात पुढे केला. साहेबांनी त्यावर थंडगार मातीचा गोळा ठेवला.

"आवळ! कात्री धरतेस ना, तशी आवळ."

बायकोने आवळला. असा आवळला, की बोटांच्या फटींतून माती बाहेर आली.

"वा! काय पकड आहे!" साहेब खूश होऊन म्हणाले आणि तो गोळा हलक्या हाताने डब्यात ठेवून तडक आपल्या टेबलाकडे गेले. बायकोने हात धुतला, गुच्छ पाण्यात ठेवले आणि काही न बोलता जेवायला वाढलं. साहेबांना भाजीसुद्धा छान लागली. आता बोला!

त्यांचं खरं आडनाव कारखान्यात कुणालाच आठवत नसे. दुर्बिणीच्या ऑपरेशनला लागणारे चिमटे तयार करण्यात त्यांचा जन्म गेला होता, म्हणून ते चिमटेसाहेब. पोटाला बारीक भोकं पाडायची, एकातून कॅमेरा सोडायचा, दुसऱ्यातून लांब दांड्याचा चिमटा, आणि पडद्यावर बघत आतलं काम करायचं. डॉक्टरचा हात बाहेर आणि चिमट्याचं टोक आत, अशी ती तऱ्हा. आत काय लागतंय, किती दाबलं जातंय, हे सगळं हाताला कळायचं ते चिमट्याच्या मुठीतून. मूठ चुकली की सगळंच चुकलं.

आणि मूठ चुकली होती. मोठ्या हॉस्पिटलातल्या सर्जन डॉक्टरबाईंनी फोनवर साहेबांना फैलावर घेतलं होतं. बाई अंगाने लहानखुऱ्या, आवाज मात्र दोन मजले ऐकू जाईल असा. "तुमच्या मुठी पहिलवानांसाठी केल्यात का हो? तासाभरात माझा अंगठा बधिर होतो. आम्ही निम्म्या बायका आहोत इथे. या, डोळ्यांनी बघायलाच या!"

साहेब गेले. डॉक्टरबाई ऑपरेशन करत होत्या आणि साहेब कोपऱ्यात मास्क लावून त्यांचा अंगठा बघत उभे होते. त्याच दुपारी गावाच्या दुसऱ्या टोकाला, एका शाळेच्या सभागृहात, त्यांच्या बायकोचा निरोप समारंभ चालला होता. सगळी नोकरी तिने त्या एका शाळेत, पहिलीच्या वर्गाला शिकवण्यात काढली होती. 'पहिल्या रांगेत बसेन' असं साहेबांनी कबूल केलं होतं. ते विसरले असते तर एक वेळ चाललं असतं. पण ते विसरले नव्हते. भाषणंच तर असतात, घरी आल्यावर विचारू, असं त्यांनी मनातल्या मनात ठरवून टाकलं होतं. आणि घरी आल्यावर विचारलं नव्हतं.

माती वाळली. मशीनने तिचं माप घेतलं आणि त्या मापाची चकचकीत मूठ तयार झाली. प्रत्येक बोटाला वेगळी खाच, अंगठ्याला खोल खळगा. कारखान्यातल्या एकालाही ती धरता येईना.

"साहेब, माझा अंगठा आत जात नाही," लेथवाला म्हणाला.

"जायलाच नको! तुझ्यासाठी नाहीच ती."

"मलाही टोचतेय," मालक म्हणाले.

"म्हणजे माप अगदी बरोबर आहे," साहेब म्हणाले आणि त्यांनी मूठ पेटीत घातली. जो तो नापास करत होता आणि साहेबांचा आत्मविश्वास वाढत होता.

चाचणीला हॉस्पिटलात तीन सर्जन बायका जमल्या होत्या. सरावाच्या पेटीत कॅमेरा आणि द्राक्षं ठेवली होती. चिमट्याने द्राक्ष उचलायचं आणि सालीला धक्का न लावता पलीकडच्या वाटीत ठेवायचं, एवढीच परीक्षा. पहिली डॉक्टर स्वभावाने अगदी मऊ. तिने हलकेच चिमटा धरला.

"बोटं खाचांपर्यंत पोचत नाहीत हो. मूठ आवळावी लागते."

"मग आवळा की!" साहेब म्हणाले.

तिने आवळली. पडद्यावर द्राक्ष फच्चकन फुटलं. दुसरं घेतलं, तेही गेलं. दुसऱ्या डॉक्टरच्या हातून तर रस उडून कॅमेऱ्यावरच बसला आणि पडदा हिरवागार झाला. मालकांनी द्राक्षांकडे न बघता साहेबांकडे बघायला सुरुवात केली.

मग डॉक्टरबाई उठल्या. त्यांनी चिमटा हातात घेतला आणि मूठ उलटीसुलटी करून बराच वेळ निरखली.

"कुणाच्या हाताचं माप हे?"

"आमच्या घरचंच. बायकोचं. कात्री धरल्यासारखा गोळा आवळायला लावला होता."

"रागावल्या होत्या का तुमच्यावर?"

"छे हो! काही बोललीसुद्धा नाही."

"बोलल्या नाहीत म्हणजे चांगल्याच रागावल्या होत्या. हे बघा," डॉक्टरबाईंनी अंगठ्याच्या खळग्यात बोट घातलं. "सैल हाताचा अंगठा इतका आत वळत नाही. बोटं बघा कशी रुतलीत. या हाताने कात्री धरलेली नाही. या हाताने कुणाचा तरी गळा धरलाय."

खोलीत हसू पिकलं. साहेबही हसले, पण त्यांचं हसणं जरा उशिरा सुरू झालं आणि लवकर संपलं.

"हाच हात घेऊन या," डॉक्टरबाई म्हणाल्या. "लहान आहे, मजबूत आहे, मला हवा तसाच आहे. फक्त राग गेल्यावर माप घ्या. आणि ही पहिली मूठ टाकू नका हं, मला ठेवा. मी बाराही महिने याच मूडमध्ये असते."

परतीच्या वाटेवर मालकांनी विचारलं, "वहिनींचा राग जायला साधारण किती दिवस धरू? वेळापत्रकात तसं लिहायला लागेल."

"दुसऱ्या कुणाचा हात घेतला तर?" साहेबांनी चाचरत विचारलं.

"बाईंना हाच पाहिजे म्हणाल्या ना! आता निस्तरा तुम्हीच."

साहेबांनी निस्तरायला घेतलं. पहिल्या दिवशी ते फुलं घेऊन घरी गेले. बायकोने फुलं घेतली, वास घेतला आणि विचारलं, "दुसऱ्या पिशवीत काय आहे?" दुसऱ्या पिशवीत माती होती. तिने ती उचलली आणि अशी आवळली, की तिच्यापासून मूठ काढली असती तर द्राक्षच काय, अक्रोड फुटला असता.

नंतर सुट्टीच्या दुपारी तिचा डोळा लागलेला पाहून साहेब पाय न वाजवता आत गेले आणि तिच्या उघड्या तळहातावर त्यांनी गोळा ठेवला. झोपलेला हात काही धरत नसतो, हे त्यांच्या लक्षात आलं नाही. त्यांनी तिची बोटं एकेक करून दुमडायला घेतली. तिसऱ्या बोटाला बायकोने डोळे उघडले.

"अहो, काय चाललंय?"

"काही नाही. तू झोप. फक्त हात जागा ठेव."

कारखान्यात साहेबांच्या टेबलावर आता तीन गोळे ओळीने वाळत होते. एक रागावलेला, एक भडकलेला आणि एक झोपलेला. येणारा-जाणारा थांबून बघायचा आणि आपापल्या घरची आठवण काढून पुढे जायचा. "तीन वेगळी मॉडेलं काढू या का?" मालकांनी विचारलं. साहेबांनी मान वर केली नाही. डॉक्टरबाईंचं ते गळा धरल्याचं वाक्य त्यांच्या डोक्यातून जात नव्हतं. तो गळा कुणाचा, हे काही कुणी सांगायला नको होतं.

त्या संध्याकाळी ते रिकाम्या हाताने घरी गेले. बायकोने सवयीने त्यांच्या पिशवीत डोकावून पाहिलं.

"आज माती नाही?"

"नाही. तू माझ्यावर रागावली आहेस ना? निरोप समारंभाला आलो नाही म्हणून?"

"आज कळलं?"

"तेव्हाच कळायला हवं होतं. तेव्हा मी हॉस्पिटलात एका डॉक्टरबाईंचा बधिर अंगठा बघत उभा होतो. चुकलंच माझं."

बायकोने गुच्छांची रिकामी फुलदाणी उचलून कोपऱ्यात ठेवली. मग म्हणाली, "पहिल्या रांगेत तुमची खुर्ची धरून ठेवली होती. मुख्याध्यापक दोनदा म्हणाले, पाहुण्यांना बसू द्या. मी म्हटलं, येतायत, वाटेत आहेत. शेवटी मलाच लाज वाटायला लागली, तेव्हा तिच्यावर माझी पर्स ठेवली. निदान काहीतरी असावं म्हणून. भाषणात तुमच्याबद्दल दोन वाक्यं होती. तुमच्याकडे बघून म्हणायची होती. पर्सकडे बघून कशी म्हणणार? गाळली."

"कुठली वाक्यं?"

"आता नाही आठवत."

दोन वाक्यं. आख्ख्या संसारात आपल्याबद्दल चार लोकांसमोर कुणी चांगलं बोललं असतं, तर ती तेवढीच, आणि आपण तेव्हा दुसऱ्याच बाईच्या अंगठ्याकडे टक लावून उभे होतो! त्यांना स्वतःचीच शरम वाटली. या वेळी त्यांनी हात मागितला नाही.

सकाळी बायकोच म्हणाली, "आणा तो तुमचा गोळा. त्या डॉक्टरीणबाईच्या अंगठ्याने काय पाप केलंय?" आणि तिने पहिलीच्या मुलाला पेन्सिल धरायला शिकवावी तसा, बेताने, तो गोळा धरला.

त्या गोळ्यावरून झालेली मूठ एकदम झकास उतरली. मऊ स्वभावाच्या डॉक्टरने वाटीभर द्राक्षं इकडून तिकडे नेली, एकाचीही साल फाटली नाही. डॉक्टरबाईंनीही मूठ धरून पाहिली.

"छान सैल आहे हो हात. राग गेला वाटतं?"

"गेला," साहेब घाईने म्हणाले.

"की दमल्या?"

साहेबांनी मूठ त्यांच्या हातून घेतली आणि अंगठ्याचा खळगा पुन्हा निरखला.

नव्या चिमट्याचं उद्घाटन हॉस्पिटलच्या व्याख्यानाच्या हॉलमध्ये ठरलं. भाषण साहेबांनी करायचं होतं. त्यांनी बायकोला चारचारदा बजावलं आणि पहिल्या रांगेत तिच्यासाठी खुर्ची धरली. मालकांचे मेहुणे त्या खुर्चीवर येऊन बसले तेव्हा त्यांना चक्क उठवलं आणि तिथे आपलं चष्म्याचं घर ठेवलं. भाषणात बायकोबद्दल दोन वाक्यं घातली होती. आरशासमोर पाठ केली होती. तिच्याकडे बघून म्हणायची होती.

हॉल भरला. बायको काही आली नाही. साहेब अंगठ्याच्या कोनाबद्दल बोलले, खाचांबद्दल बोलले आणि मग त्या जागेवर येऊन थांबले. समोर खुर्ची होती आणि तिच्यावर चष्म्याचं घर होतं. त्यांनी एकदा तोंड उघडलं. लोक वाट बघत होते. साहेब म्हणाले, "वजन आधीपेक्षा कमी आहे," आणि खाली बसले. टाळ्या कडाडल्या, पण त्यांना त्या ऐकूच आल्या नाहीत.

चष्म्याचं घर खिशात घालून ते बाहेर पडले, तर दाराशी बायको उभी.

"तू? कधी आलीस?"

"सुरुवातीलाच. मागे उभी होते."

"अगं, पुढे खुर्ची धरली होती तुझ्यासाठी!"

"बघितली की. चष्म्याचं घर बसलं होतं तिच्यावर."

"मग यायचं ना पुढे!"

"मला बघायचं होतं," बायको म्हणाली, "की रिकाम्या खुर्चीकडे बघून बोलता येतं का. इतके दिवस वाटत होतं, मलाच मेलीला जमलं नाही."

साहेबांनी खिशातलं चष्म्याचं घर चाचपलं. "नाही जमत," ते म्हणाले. "कुणालाच नाही जमणार. तुला आठवतायत ना ती तुझी वाक्यं?"

"आठवतायत."

"सांग ना."

"आता काय त्याचं," बायको म्हणाली. ती रागाने म्हणाली असती, तर बरं वाटलं असतं त्यांना.

लोक हॉलमधून बाहेर पडत होते. मालक लांबूनच हात करून बोलावत होते. साहेबांनी तिकडे पाठ फिरवली.

"हात दे जरा," ते म्हणाले.

बायकोने हात अर्ध्यावर आणला आणि थांबवला.

"आधी तुमचे दाखवा. दोन्ही."

चिमटेसाहेबांनी पहिलीतल्या मुलासारखे दोन्ही हात पुढे केले. पहिलीच्या या बाईंनी ते नीट तपासले, उलटे करून पाहिले, नखंसुद्धा पाहिली. माती कुठेच नव्हती. मग तिने आपला हात दिला. हात सैल होता. राग गेलेला की नुसताच दमलेला, हे त्यांना अजूनही ओळखता येत नव्हतं. म्हणून मालकांनी तिसऱ्यांदा हाक मारली तरी त्यांनी तो सोडला नाही.