अरविंदरावांच्या पांढऱ्या पेशी

बँकेतून निवृत्त झाल्यापासून अरविंदरावांनी स्वयंपाकघरात ठाण मांडलं होतं. शैलजाबाई फोडणी देत असताना शेजारी उभं राहून मोबाइलमधली अक्कल पाजळायची, याला ते मदत म्हणत. भेस्तानच्या मराठी मंडळाचं अध्यक्षपद रिकामं झालं तेव्हा नवऱ्याचं नाव बाईंनीच पुढे केलं. रोज संध्याकाळी ही ब्याद घराबाहेर गेली तरी पुरे होतं.

निवडीच्या आदल्या दिवशी कार्यकारिणी जेवायला येणार होती, आणि स्वारी राजम्याच्या पातेल्यापाशी पहारा देत उभी.

"कुकर लावायचा नाही, मंद आचेवर अर्धवटच शिजवायचा. कुकरात लेक्टिन मरतं."

"ते काय असतं?"

"राजम्यातलं प्रथिन. रक्तातल्या पांढऱ्या पेशींच्या अंगावर साखर असते, तिला ते चिकटतं. मग पेशी त्याला आत ओढून घेते आणि रोगाशी लढायला खडबडून जागी होते."

कॉलेजात मायक्रोबायोलॉजी शिकवणारी त्यांची मुलगी तेजस्विनी चप्पल घालता घालता म्हणाली, "बाबा, ते प्रयोगशाळेतल्या काचेच्या बशीतल्या पेशींचं. पोटात कच्चा राजमा गेला तर आधी आतड्यालाच चिकटेल, उलट्या-जुलाब होतील."

"पुस्तकी किडे तुम्ही," अरविंदराव म्हणाले. जन्मात यांना धड चहा गाळता आला नाही, आणि निघाले पेशी जाग्या करायला.

बाईंनी भिजलेला मूठभर राजमा हळूच उचलला आणि शेजारच्या उषाबाईंच्या कुकरात शिजवून आणला. उद्या उमेदवार तरी उभा राहायला हवा. ती वाटी नवऱ्याच्या ताटात गेली.

पाहुण्यांना त्यांनी स्पष्ट सांगितलं, "राजमा जमला नाही हो, राहू द्या."

"वहिनी, तुमच्या हातचं कधी बिघडस का?" कार्यकारिणीतले उधन्याचे किसनभाऊ म्हणाले. यजमानीण असं म्हणणारच, आपण मागून घ्यायचं असतं, एवढी रीत प्रत्येकाला ठाऊक होती. सगळ्यांनी दोनदोनदा मागून घेतला.

संध्याकाळपर्यंत अख्खी कार्यकारिणी आडवी झाली.

सकाळी किसनभाऊंचा कण्हत फोन आला. "वहिनी, काल सकाळी आम्ही सगळ्यांनी नाश्त्याला खाल्लेला लोचो बाधला वाटतं. राजमा तर अरविंदभाऊंनीबी खाल्ला, अन् ते ठणठणीत. आमच्यात उठायची ताकद नाही. भाऊच अध्यक्ष, बिनविरोध."

बाईंना गगन ठेंगणं झालं. त्यांनी धावत जाऊन बातमी दिली.

"मी नाही होणार," अरविंदराव म्हणाले. "सगळे आडवे आणि मी उभा. पेशी तयार झाल्यात माझ्या. अध्यक्षपद कोणीही सांभाळेल, मी आता स्वयंपाकघराला वाहून घेणार. तो कुकर भंगारात देऊन टाक."

त्यांच्या वाटीतला राजमा कुकरातला होता हे बाईंनी सांगावं, तर मंडळाला जाणूनबुजून कच्चा राजमा खाऊ घातल्याचं कबूल करावं लागणार होतं. त्यांनी भंगारात द्यायला फळीवरचा कुकर खाली काढला.