दोन इंचांचा सीनियर

मी एका यादीतला क्रम बदलला. एवढंच केलं. कुणाला मारलं नाही, कुणाचं काही लंपास केलं नाही. तरी गेले दहा-बारा दिवस या घरातली माणसं माझ्याशी अशी बोलतात, जणू मी समुद्र आटवला.

समुद्र म्हणजे आमच्या हॉलमधला. मुकुंदवाडीत, जिथं नळाला पाणी कधी येईल हे नळालाही माहीत नसतं, तिथं आमच्या सूनबाईंनी, म्हणजे मेघानं, चार फुटी काचेच्या टाकीत खाऱ्या पाण्याचा समुद्र उभारलाय. फिल्टरचं पाणी, त्यात मोजून खास मीठ (स्वयंपाकाचं चालत नाही, मी फक्त विचारलं, तर सगळे हसले), खाली वाळू, मधे दगड, वर निळा दिवा. समुद्राचा मला राग नाही. माझ्या आंघोळीच्या बादलीवर मार्करनं 'मासे' असं लिहिलंय, त्याचा आहे.

निवृत्तीनंतरच्या चार वर्षांत घरातला एकेक चार्ज माझ्याकडून काढून घेण्यात आला. विजेचं बिल मुलगा राजकुमार लासूर स्टेशनला नोकरीवर जाता-जाता रेल्वेतूनच भरतो. भाजी बायको आणते, कारण मी आणलेल्या वांग्यांत, तिच्या मते, आधीच कुणीतरी राहत असतं. अशा वेळी ट्रेनिंगला पुण्याला निघालेल्या मेघानं टाकी माझ्या हवाली केली. "बाबा, तुम्ही आहात म्हणून मी निर्धास्त जाते." निरोप समारंभात साहेबसुद्धा असं काही बोलला नव्हता. शनिवारी ती परत येईपर्यंत हे वाक्य खरं राहावं, एवढीच माझी इच्छा होती.

काम सोपं होतं. बाल्कनीत तीन छोट्या टाक्यांत तीन मासे वेगवेगळे ठेवले होते. तिघेही रॅस नावाच्या समुद्री माशांच्या घराण्यातले, पण जाती निराळ्या. ठिपक्यांचा लेपर्ड, लालभडक फेअरी आणि दोन इंचांचा, अंगावर निळ्या रेघांचा सिक्सलाइन. त्यांना मोठ्या टाकीत सोडायचं. मेघानं फ्रिजवर यादी लावली होती. सोमवारी लेपर्ड, बुधवारी फेअरी. सिक्सलाइन सगळ्यांत शेवटी, 'मी परत आल्यावर'.

ती यादी वाचून माझं डोकं फिरलं. तेहतीस वर्षं मी आस्थापना शाखेत ज्येष्ठता याद्या केल्या. सिक्सलाइन या घरात रुजू झाला पंधरा मार्चला. लेपर्ड एक एप्रिलचा. फेअरी तर परवाची. सगळ्यांत जुना तो आणि बढतीला सगळ्यांत शेवटी? का, तर अंगानं लहान? हेडक्लार्कच्या खुर्चीत माझ्या मागून नोकरीला लागलेला सांडू बसला होता, तेव्हाही असंच झालं होतं. सांडू उंच होता. बाकी त्याला काहीही येत नव्हतं.

मी लाल पेन काढलं, सिक्सलाइनला पहिल्या नंबरावर घेतलं, 'सेवाज्येष्ठतेनुसार सुधारित' असा शेरा मारून खाली सही ठोकली आणि सोमवारी सकाळी सिक्सलाइनला टाकीत सोडलं.

दोन दिवस तो दगडांच्या एकेका कपारीत डोकावून आला. माझे डोळे भरून आले. चार्ज घेत होता बिचारा.

बुधवारी उरलेले दोघं सोडले. लेपर्ड तळाला पोचायच्या आत सिक्सलाइननं त्याला धडक दिली. लेपर्डनं वाळूत तोंड खुपसलं आणि शेपटीसकट नाहीसा झाला. मग सिक्सलाइन फेअरीकडं वळला. ती त्याच्या दुप्पट, पण पळत होती तीच.

"आवं, हा मारतोय की तिला," द्वारका, म्हणजे आमची बायको, म्हणाली.

"नवीन आहे. रुळेल. मलाही पहिलं वर्ष जडच गेलं होतं."

"तुमच्या शेपटीला चावलं व्हतं का कुणी?"

तेवढ्यात फेअरी पाण्यातून उसळली, काचेवरून बाहेर आली आणि माझ्या पोह्यांच्या बशीत पडली. द्वारकानं हात ओला करून तिला उचललं आणि बाल्कनीतल्या टाकीत नेऊन सोडलं. मी तोवर बशी हलू दिली नाही.

"टाकीवरची जाळी कुठंय?" मी गरजलो.

"गच्चीवर, कुरडयांवर. कावळे लई झालेत."

"कुणाला विचारून नेली?"

"तुम्हालाच. पेपरातून तोंड न काढता 'ने' म्हणाले."

(मंजुरी माझीच होती. म्हणून तर जास्त राग आला.)

दोन तास मी पिठाची चाळणी घेऊन सिक्सलाइनच्या मागं होतो. तो दगडाच्या या भोकातून जाई, त्या भोकातून माझ्याकडं बघे. शेवटी मेघानं ज्याच्याकडून हे मासे घेतले, त्या छावणीतल्या मासेवाल्याला फोन लावला.

"चचा, उसको पहले डाले क्या?" तो हळहळला. "अब वो मकानमालिक हो गया, बाकी सब किराएदार. इनमें जो पहले घुसा, टाकी उसकी. इसके वास्ते झगड़ालू को आखिर में डालते."

"हे आधी सांगायला काय झालं होतं?"

"मॅडम को लिख के दिया था ना मैं. वोइच लिस्ट."

मी फोन आपटणार होतो, पण तो राजकुमारचा जुना होता आणि माझ्याकडं दुसरा नव्हता. म्हणजे ती यादी ज्येष्ठतेची नव्हतीच. गोपनीय अहवालावरून केली होती. तसं वर लिहायला नको?

रोज संध्याकाळी मेघाचा फोन येई.

"बाबा, लेपर्ड दिसतो का?"

"तो रजेवर आहे."

"आणि फेअरी?"

"ती बाल्कनीत मजेत आहे." (यात एक अक्षर खोटं नव्हतं.)

शनिवारी मेघा आली. टाकीकडं बघितलं, मग फ्रिजकडं. माझी सही बराच वेळ वाचली. ओरडली असती तर बरं झालं असतं. ओरडणाऱ्यावर मला उलट ओरडता येतं. ती बॅग न उघडता टाकीसमोर बसली. थोड्या वेळानं वाळू हलली आणि लेपर्डनं डोकं बाहेर काढलं. तिनं डोळे पुसले. मी छताकडं बघितलं.

"तो घाबरला की वाळूत दडतो, बाबा. मला वाटलं, गेला. फोनवर खरं सांगितलं असतं, तर त्याच दिवशी आरसा लावायला सांगितलं असतं."

आरशात आपलंच रूप दिसलं, की सिक्सलाइन त्याच्याशी भांडत बसतो आणि बाकीच्यांना सवड मिळते. मेघानं फेअरीला भोकांच्या पारदर्शक पेटीत घालून पेटी टाकीत टांगली आणि माझा दाढीचा आरसा बाहेरून काचेला लावला. तो घसरला.

"चिकटपट्टी देऊ का?" द्वारकानं विचारलं.

"नको, आई. बाबा धरतील."

जूनमध्ये मेघाचं पुन्हा ट्रेनिंग आहे. टाकीचा चार्ज द्वारकाकडं गेला. नव्या यादीत माझ्या नावापुढं एकच काम आहे. आरसा धरणे, रोज एक तास.

धरतो. पलीकडून तो दोन इंचांचा हलकट स्वतःवर धडका मारत असतो. हात भरून आला, की आरसा खाली येतो आणि मी त्याच्यासमोर जातीनं उभा ठाकतो, डोळे वटारून, तेहतीस वर्षांच्या सगळ्या रागासकट. या टाकीत त्यानं एकालाही सोडलेलं नाही, आरशातल्या स्वतःलाही नाही.

माझ्याकडं तो क्षणभर बघतो आणि पाठ फिरवून आरसा शोधायला निघून जातो.