घरमालक, भाडेकरू आणि अडलेली मालगाडी

आमच्या डोक्यावर, म्हणजे वरच्या फ्लॅटमध्ये, कुमुदकाकू बोराडे राहतात आणि त्यांच्या कॉम्प्युटरमध्ये एक घरमालक आणि एक भाडेकरू राहतो. हे मी म्हणत नाही, काकू म्हणतात. नुसत्या म्हणत नाहीत, दोघांशी रोज भांडतात. सकाळी दूध घ्यायला दार उघडावं तर जिन्यातून आवाज येतो, "अहो घरमालक, भिंत पाडलीत तर त्याला कळवायला नको का? तो बिचारा जुन्याच सतरंजीवर बसलाय!" नव्या माणसाला वाटतं, वर भाड्यावरून तंटा पेटलाय. आमच्या सोसायटीत नवीन राहायला आलेले एक गृहस्थ तर मध्यस्थी करायला वर गेले होते. बऱ्याच वेळाने पोहे खाऊन खाली आले आणि मला म्हणाले, "भाडेकरूचं काही चुकत नाही हो. खोलीचं मापच चुकलंय."

आता हे प्रकरण काय ते सांगतो. मला समजायला महिना लागला, पण मी वनस्पतिशास्त्र शिकवतो, माझं सोडा. काकूंनी एम. जी. रोडवरून एक कॉम्प्युटर आणला. त्यात विंडोजच्या ऐवजी लिनक्स आहे. ते घरमालक. त्या लिनक्सच्या पोटात काकूंनी आणखी एक खोटा कॉम्प्युटर उभा केला. व्हर्च्युअल मशीन म्हणतात त्याला. त्यात अगदी जुनंपुराणं विंडोज बसवलं. तो भाडेकरू. "त्याला असं भासवायचं की अख्खं घर तुझंच," काकू म्हणाल्या, "प्रत्यक्षात एक खोली द्यायची."

"म्हणजे आंब्यावर बांडगूळ असतं तसं," मी माझं ज्ञान पाजळलं.

"बांडगूळ म्हणू नकोस. भाडं भरतो तो."

भाडं कसलं ते पुढे येईलच.

काकू टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झाल्या. ट्रंक कॉलच्या, म्हणजे परगावचा फोन तीन-तीन मिनिटांच्या हिशेबाने जोडून देण्याच्या जमान्यातल्या ऑपरेटर. नोकरी सुटली, भाषा नाही सुटली. भाजीवालीला "होल्ड करा" म्हणतात. दारात कोणी पत्ता विचारला तर "लाईनवर राहा" म्हणून आत जातात आणि चष्मा घालून येतात. आमच्या सोसायटीच्या अध्यक्षांना वार्षिक सभेत पाणीपट्टीवर बोलायची फार हौस. मागच्या सभेत ते रंगात आले असताना मागून अत्यंत गोड आवाज आला, "तीन मिनिटं झाली. वाढवायची आहेत का?" अध्यक्ष जे बसले ते बसलेच. मी त्या दिवसापासून काकूंना मनातल्या मनात नमस्कार करतो.

तर अशा ह्या काकूंनी मला कामाला लावलं, कारण चाळिशी उलटूनही बिल्डिंगमध्ये बिनचष्म्याचा मी एकटा. "मिलिंद, तुझी अक्कल नको, डोळे दे," असं स्पष्ट सांगून त्यांनी मला बोलावलं. रविवारची दुपार, जेवून लवंडायची वेळ. माझी बायको सुजाता म्हणाली, "जा, तुला नाहीतरी अकलेसाठी कोण बोलावणार?" गेलो.

वर अप्पा होते. अप्पा म्हणजे काकूंचे यजमान. इगतपुरीला मालगाडीचे ड्रायव्हर होते, सगळा जन्म घाटात गेला. निवृत्तीनंतर ह्या जेल रोडच्या फ्लॅटमध्ये आले. दोन वर्षांपूर्वी एक हलका झटका येऊन गेला, तेव्हापासून डावा हात जरा आळशी झालाय आणि नजरही उतरलीय. डॉक्टर म्हणाले, मन गुंतवा. अप्पांना पत्ते आवडत नाहीत, कीर्तन आवडत नाही, आणि फिरायला जा म्हटलं तर म्हणतात, "रूळ नाय तिथं मी कशाला जाऊ?" मग काकूंनी कुठून तरी आगगाडी चालवायचा एक जुना कॉम्प्युटर-खेळ पैदा केला. त्यात कुणा हौशी पोराने बनवलेला आपला घाटच आहे, इगतपुरी ते कसारा. बोगदे, दरी, सगळं.

त्या दिवसापासून अप्पा ड्यूटीवर रुजू झाले. थट्टा नाही. सकाळी अंघोळ, भांग, इस्त्रीचा शर्ट, आणि बेडरूममधून हॉलमध्ये ड्यूटीवर. काकू डबा भरून देतात. स्वयंपाकघर चार पावलांवर, पण जेवण डब्यातलंच. दुपारी ड्यूटी संपली की अप्पा रिकामा डबा ओट्यावर ठेवतात आणि दमल्यासारखं म्हणतात, "आज लय लोड होता." हेच ते भाडं. काकू म्हणतात, हा माणूस रोज उठून शर्ट घालतो, आणखी काय पाहिजे?

मग घरातला आधीचा कॉम्प्युटर गेला. कायमचा. दुकानदार म्हणाला, हा खेळ नव्या मशीनवर चालायचा नाही, सोडून द्या. काकूंना कुणी "सोडून द्या" म्हटलेलं चालत नाही. त्यांनी घरमालक आणला, भाडेकरू बसवला, आणि खेळ चालूही केला. पण चित्र एवढंसं, पोस्टकार्डाएवढं, चारी बाजूंनी काळंकुट्ट. अप्पांना त्यात इंजिन कुठलं आणि डोंगर कुठला कळेना. म्हणून चित्र स्क्रीनभर मोठं करायचं, फुलस्क्रीन, एवढंच काम होतं.

एवढंच! काकूंनी इंटरनेटवर जगातल्या लोकांना इंग्रजीत पत्रं लिहिली. सुरुवात आदरणीय महोदय, शेवट आपली नम्र. स्क्रीनचा मोबाइलवर काढलेला फोटो सोबत. एका ब्राझीलच्या माणसाने उलट विचारलं, कीबोर्डजवळच्या ताटलीत पिवळं काय आहे? काकूंनी त्याला पोह्यांची कृती कळवली. त्याने बदल्यात सांगितलं की घरमालक आणि भाडेकरू यांच्यात एक मध्यस्थ बसवावा लागतो, छोटासा प्रोग्राम, तो भाडेकरूला खोलीचं माप सांगतो. काकूंनी नवाकोरा मध्यस्थ आणला. भाडेकरूने ओळखच दाखवली नाही. "जुन्या माणसाला त्याच्या वयाचाच माणूस लागतो," म्हणत काकूंनी जुना मध्यस्थ शोधून काढला. आणि काय सांगू, चित्र भसकन् स्क्रीनभर झालं! काकू ओरडल्या, "लागला! बोला, आपली लाईन जोडली आहे!"

अप्पा शर्ट घालून बसले. बघितलं. म्हणाले, "सिग्नल कुठंय?"

चित्र मोठं झालं होतं, पण जरा जास्तच. दोन्ही कडा स्क्रीनच्या बाहेर गेल्या होत्या. उजवीकडे नुसते डोंगर, ते गेले त्याचं दुःख नाही. पण सिग्नलचे खांब रुळाच्या डाव्या अंगाला. नेमके तेच कापले गेलेले. आणि अप्पांचा नियम असा, की जो सिग्नल दिसत नाही तो लाल समजायचा.

"अप्पा, हिरवाच आहे, जाऊ द्या गाडी," मी म्हणालो.

"तू पाह्यलास?"

"नाही, पण असणारच."

"असणारच म्हणून लय लोकं वर गेली," अप्पा म्हणाले आणि हाताची घडी घालून बसले.

दत्तमंदिराच्या चौकात मी स्वतः कितीदा पिवळ्यावर स्कूटर दामटतो, मी काय बोलणार? गाडी उभी राहिली. दुसऱ्या दिवशीही उभी. आठवडा गेला तरी मालगाडी इगतपुरीतच. अप्पा रोज ड्यूटीवर येत, बसत, आणि डबा न उघडता परत जात. लाईन क्लिअर झाल्याशिवाय जेवायचं कसं?

मी एकदा डोकं चालवून टीव्हीवर घाटाचा व्हिडिओ लावून दिला. इंजिनातून काढलेला, स्वच्छ, भिंतभर. अप्पांनी शांतपणे पाहिला. मग म्हणाले, "छान हाय. पण ही दुसऱ्याची गाडी. माझी तिथं उभी हाय, सिग्नलला." आणि रिमोट मला परत दिला.

काकू रोज काहीतरी खटपट करत. मी दारातून बघून सांगायचं, "डावी कड आली का?" नाही. "आता?" नाही. एकदा काकू कुकर बंद करायला गेल्या तेव्हा मी हुशारी करून कुठलंसं बटण दाबलं, तर सगळे मेनू गायब, बाहेर यायला वाटच नाही. काकू धावत आल्या. "केलंस ना? आता भाडेकरूने आतून कडी लावली!" ती काढायला संध्याकाळ झाली. सुजाताने खालून फोन केला, तर काकूंनीच उचलून सांगितलं, "आपण ज्यांच्याशी बोलू इच्छिता ते गाढव आहेत."

हसत होतो आम्ही. आणि मग एके दिवशी मी वर गेलो तर अप्पांच्या अंगात बनियन. शर्ट घातला नव्हता. भांगही नाही. खिडकीकडे तोंड करून बसलेले. काकू माझ्याशी हळू बोलल्या, आणि त्यांना हळू बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. "काल विचारलं, ड्यूटीवर नाही का जायचं? तर म्हणाले, मला रिटायर करून टाक आता. मिलिंद, झटका आला तेव्हा मी घाबरले नव्हते रे. आज घाबरलेय. हा माणूस एकदा आडवा झाला की उठायचा नाही."

अशा वेळी काय बोलायचं ते मला अजिबात सुचत नाही, म्हणून मी स्क्रीनकडे बघून काहीतरी बोलायचं म्हणून बोललो, "काकू, तुमच्या घरमालकाची अक्षरं पण केवढी हो! रिक्षाच्या मागे लिहितात तेवढी."

काकू एकदम म्हणाल्या, "होल्ड कर."

खुर्ची ओढली, चष्मा पुसला, आणि सेटिंग्जमध्ये शिरल्या. "ही मी केली मोठी," त्या पुटपुटत होत्या. "मशीन आणलं त्याच दिवशी. ह्यांना दिसावं म्हणून सगळंच सव्वापट केलं. म्हणजे घरमालकच सगळं फुगवून दाखवतोय, आणि भाडेकरू फुगून भिंतीच्या बाहेर चाललाय!" मोठं केलेलं त्यांनी पूर्ववत केलं. घरमालकाची अक्षरं मुंगीएवढी झाली, काकूंना ती भिंग लावल्याशिवाय वाचता येईनात. पण भाडेकरूला फुलस्क्रीन केलं, आणि डाव्या कडेला, दरीच्या अलीकडे, अख्खाच्या अख्खा खांब उभा होता. वर हिरवा दिवा.

"दिसावं म्हणून केलं, आणि मीच झाकून ठेवला होता," काकू म्हणाल्या. डोळे पुसले. "मेली मी शहाणी!"

मी ओरडलो, "अप्पा, सिग्नल!"

अप्पा वळले. टक लावून बघत राहिले. मग भिंतीला धरत उठले आणि आत गेले. मला वाटलं, संपलं. पण ते बाहेर आले तेव्हा अंगात शर्ट होता. बटणं एका हाताने लावलेली, त्यामुळे एक वर, एक खाली. येऊन खुर्चीवर बसले. सिग्नल हिरवा. स्क्रीन भरलेली. आणि गाडी काही हलेना.

"अप्पा, आता काय राहिलं?"

"एकट्यानं घाट उतरायचा नसतो," अप्पा म्हणाले. "असिस्टंट लागतो. दोघांनी सिग्नल पुकारायचा, मग गाडी." आणि काकूंकडे न बघता, उजवीकडच्या रिकाम्या जागेकडे हात करून म्हणाले, "अगं, ये की."

काकूंनी पदराला हात पुसले. स्वयंपाकघरातलं स्टूल आणलं आणि त्यांच्या उजव्या बाजूला बसल्या, अगदी ताठ.

"काय म्हणायचं?"

"जे दिसतं ते."

"हिरवा," काकू म्हणाल्या, ट्रंक कॉलच्या त्या जुन्या स्वच्छ आवाजात.

"हिरवा," अप्पांनी पुकारलं, आणि मालगाडी हलली.

कितीतरी वेळ दोघं खांबामागून खांब पुकारत राहिले. मी तिथे आहे हे विसरलेच होते. एका लांब सरळ पट्ट्यात काकू स्क्रीनवरची नजर न काढता मला म्हणाल्या, "तुला सांगते, रात्रपाळीला मी अख्ख्या जिल्ह्याच्या लाईनी जोडायचे. ओझर म्हण, देवळा म्हण, कुणाची आई आजारी, कुणाला मुलगा झाला, सगळं माझ्या कानावरून जायचं. आणि हे घाटात. पाऊस असा की इगतपुरी दिसायची नाही. हे कुठे आहेत, आहेत की नाहीत, हे सांगणारी एक लाईन नव्हती रे माझ्याकडे. सगळ्या लोकांना जोडून देत बसायचे नुसती."

अप्पांनी ऐकलं होतं, पहिल्यांदाच ऐकलं असावं. तेवढ्यात स्क्रीन काळी झाली. ठार काळी, या कडेपासून त्या कडेपर्यंत. मी वायर बघायला वाकलो.

"हात लावू नकोस," काकू म्हणाल्या. "बोगदा आहे."

मी मान वर केली, तर काकूंनी अप्पांचा उजवा हात घट्ट धरला होता.

"अगं, हात सोड," अप्पा म्हणाले. "शिट्टी द्यायचीय."

"कुठलं बटण ते सांगा," काकू म्हणाल्या. "मी देते."

काकूंनी पुढे वाकून मोकळ्या हाताने शिट्टी दिली, बोगदा संपेपर्यंत दिली, आणि उजेड आल्यावरही त्यांनी अप्पांचा हात सोडला नाही.